टोकन कुणाचं, किती वेळाचं?

डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यातून मालाची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधी तिच्या बिलाचा तपशील सरकारच्या ई-इनव्हॉइस पोर्टलकडे जातो आणि तिथून एक लांबलचक क्रमांक व क्यूआर कोड परत येतो. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर असेल, तर व्यापाऱ्यांच्या आपापसातल्या बिलांसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून हे बंधनकारक आहे. भिवंडीची गोदामं, उल्हासनगरचे कापडवाले, वागळे इस्टेटमधली इंजिनिअरिंग युनिटं असे कितीतरी यात आले. प्रत्येक बिल हातानं पोर्टलवर भरत बसायला कुणाला सवड नसते, म्हणून बिलिंगचं सॉफ्टवेअर पोर्टलशी थेट बोलतं. बोलण्याआधी ते क्लायंट आयडी, क्लायंट सीक्रेट, युजरनेम आणि पासवर्ड दाखवतं. त्या बदल्यात त्याला टोकन मिळतं आणि ते ६ तास चालतं.

हे टोकन सकाळी चोरीला गेलं, तर संध्याकाळपर्यंत आपोआप निकामी होतं. पोर्टल बांधणाऱ्यांनी एवढी काळजी घेतलेली आहे. पण टोकन मिळवून देणाऱ्या त्या चार गोष्टी पुष्कळदा अकाउंट्सच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, कुणीही उघडून वाचाव्यात अशा पडलेल्या असतात. सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या मुलानं त्या लिहिल्या, त्यानंतर त्या फाइलकडे कुणी पाहिलेलं नसतं. कोडमधल्या टोकनांचा प्रश्न गुप्तलेखनाच्या गणितापाशी क्वचितच अडतो. टोकन किती वेळ जगतं, त्याला काय काय करता येतं आणि ते बंद करण्याचा अधिकार आज कुणाच्या हातात आहे, या तीन गोष्टींपाशी तो अडतो. पहिल्या दोन गोष्टींवर जगभर बरंच काम झालं आहे. तिसरी आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित राहिली आहे, असं माझं ठाम मत आहे.

ठाणे ते कल्याण हा पट्टा या प्रश्नासाठी चांगली जागा आहे. पोखरण रोड, घोडबंदर, वागळे इस्टेटच्या आयटी इमारती आणि ट्रान्स-हार्बरनं गाठायची ऐरोली इथे मोठ्या कंपन्यांत काम करणारे हजारो लोक आहेत. त्यांच्याकडे सुरक्षेचा वेगळा विभाग असतो, ठरलेले नियम असतात. त्याच लोकांच्या शेजारी, रामनगरातल्या किंवा कल्याण पश्चिमेतल्या एखाद्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, क्लासची फी गोळा करणारं ॲप, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवणारी सोय किंवा सोसायटीच्या मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर लिहिणारे चार-पाचजण बसलेले असतात. पेमेंट गेटवे, व्हॉट्सॲप, नकाशे, क्लाउड या चारही गोष्टी दोघं वापरतात. फरक असतो तो देखरेखीत.

टोकन आलं कुठून, हे थोडक्यात पाहू. २००५च्या आसपासची कित्येक संकेतस्थळं तुमचे मित्र शोधून देण्यासाठी चक्क तुमच्या ईमेलचा पासवर्ड मागत आणि लोक तो देत. त्यावरचा उतारा म्हणून २००७ मध्ये ओऑथ आलं. पासवर्ड द्यायचा नाही, ठरावीक कामापुरता परवाना द्यायचा, अशी ही सोय. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक विनंतीवर सही करावी लागे आणि ते प्रोग्रामरांना किचकट वाटे. ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रमाण झालेल्या दुसऱ्या आवृत्तीनं सही काढून टाकली आणि सगळा भार एचटीटीपीएसवर टाकला. या आवृत्तीचे प्रमुख संपादक एरन हॅमर यांनी प्रमाण पक्कं होण्याच्या काही महिने आधी राजीनामा दिला आणि मसुद्यावरून स्वतःचं नाव काढायला लावलं. आपल्या हातून आधीपेक्षा कमी सुरक्षित गोष्ट घडते आहे, अशी त्यांची तक्रार होती. सोपेपणा जिंकला, आणि त्याशिवाय आजचं वेब उभंच राहिलं नसतं, हेही खरं. पण त्या सोपेपणाची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

कारण आज बहुतेक सेवांत चालतं ते ‘बेअरर’ टोकन. लोकलचं साधं तिकीट ज्याच्या हातात, त्याचा प्रवास. मासिक पासावर मात्र ओळखपत्राचा नंबर असतो आणि टीसी तो ताडून पाहू शकतो. बेअरर टोकन त्या साध्या तिकिटाच्या जातीचं आहे. पासाच्या जातीचं टोकनही आता उपलब्ध आहे. डीपॉप नावाच्या पद्धतीत प्रोग्रामकडे स्वतःची खाजगी चावी असते आणि दर विनंतीसोबत ती जवळ असल्याचा सहीनिशी पुरावा द्यावा लागतो, त्यामुळे नुसतं टोकन चोरून काही साधत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ती प्रमाण झाली. बँकिंगमध्ये दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्रं ताडण्याची पद्धत त्याही आधीपासून आहे. छोट्या सेवांपर्यंत यातलं फारसं काही पोहोचलेलं नाही.

आता गळतीकडे वळू. टोकन कोडमध्येच लिहून टाकण्याला आपल्याकडची मुलं ‘हार्डकोड करणं’ म्हणतात. ‘आत्ता चालवून बघू, नंतर काढू’ या भरवशावर ते होतं आणि काढायचं राहून जातं. उबरच्या बाबतीत हे दोनदा झालं. २०१४ मध्ये सार्वजनिक जागी पडलेल्या चावीनं सुमारे ५० हजार चालकांची माहिती गेली. २०१६ मध्ये चोर कंपनीच्या खाजगी रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, शिरले, तिथे त्यांना ॲमेझॉन क्लाउडची चावी सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती हाती लागली. रेपो खाजगी आहे म्हणून चावी सुरक्षित आहे, हा समज त्या दिवशीच मोडायला हवा होता. टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेची चावी एका कंत्राटदाराच्या हातून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर गेली ती डिसेंबर २०१७ मध्ये, आणि लक्षात आली सप्टेंबर २०२२ मध्ये. जवळजवळ पाच वर्षं २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघड्या दारामागे होते.

याहून आपल्या जवळचं उदाहरण मार्च २०१८ मधलं. एका सरकारी कंपनीच्या यंत्रणेतून कुणाच्याही आधार क्रमांकाची शहानिशा करता येते आणि सोबत नाव, बँकेचा तपशील अशी माहितीही मिळते, हे दिल्लीच्या एका तरुण संशोधकानं दाखवलं. ‘झेडडीनेट’नं ती बातमी छापली. त्या यंत्रणेचं टोकन कोडमध्ये कायमचं कोरलेलं होतं आणि ते उलगडलं तेव्हा निघालं ‘इंडआधारसिक्युअरस्टेटस’. म्हणजे नावातच ‘सिक्युअर’ असलेला एक न बदलणारा शब्द. किती वेळा विचारावं यावरही मर्यादा नव्हती, त्यामुळे एकामागून एक क्रमांक घालून पाहता येत होते. आपल्या मूळ आधार साठ्यात कुणी शिरलेलं नाही, असं आधार प्राधिकरणानं सांगितलं. पण ज्याची माहिती गेली त्याच्या दृष्टीनं ती साठ्यातून गेली की साठ्याशी जोडलेल्या कंपनीतून, यानं काय फरक पडतो?

नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये गिटहबचा बारकाईनं अभ्यास केला. एक लाखाहून जास्त रेपोंमध्ये अशा गुप्त गोष्टी उघड्या होत्या आणि रोज हजारोंनी नव्या पडत होत्या. गिटगार्डियन या कंपनीनं २०२३ या एका वर्षात सार्वजनिक गिटहबवर १ कोटी २८ लाख नव्या गळत्या मोजल्या, पुढच्या वर्षी त्या सुमारे २ कोटी ३८ लाखांवर गेल्या. मला याहून गंभीर वाटतो तो त्यांचा दुसरा आकडा: २०२२ मध्ये उघड झालेल्या चाव्यांपैकी ७० टक्के २०२५च्या सुरुवातीलाही चालू होत्या. म्हणजे हरवलेलं कळूनही कुलूप बदललं गेलं नाही, किंवा हरवल्याचं कळलंच नाही.

इथे गिटचा एक स्वभाव समजून घ्यावा लागतो. चूक कळल्यावर मुलं फाइलमधून टोकन पुसतात, नवा कमिट करतात आणि निश्चिंत होतात. पण गिटचं कामच इतिहास जपण्याचं आहे; जुन्या कमिटमध्ये टोकन जसंच्या तसं राहतं. आणि गिटहबवर पाळत ठेवणारे चोरांचे प्रोग्राम तेवढाही वेळ देत नाहीत. ॲमेझॉनची चावी उघड झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत तिचा गैरवापर सुरू होतो, असं पालो आल्टो नेटवर्क्स या कंपनीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये नोंदवलं आहे. ठाण्या-कल्याणच्या कॉलेजांतून शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट गिटहबवर टाकायला सांगतात, ही चांगली गोष्ट आहे, नोकरीच्या मुलाखतीत ते दाखवता येतात. पण पहिला पुश करण्याआधी विद्यार्थ्याला चाव्या कोडबाहेर ठेवणारी ‘डॉट-एन्व्ह’ फाइल आणि तिला गिटपासून लांब ठेवणारी ‘गिट-इग्नोअर’ फाइल समजावून सांगणं हे प्रोजेक्ट तपासण्याइतकंच आवश्यक आहे. वडिलांच्या क्रेडिट कार्डावर उघडलेल्या क्लाउड खात्यात रात्रीतून कुणी क्रिप्टोचं खाणकाम केलं, तर बिल घरी येतं.

डॉट-एन्व्ह फाइल आली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. रिॲक्टसारख्या साधनांनी वेबसाइट बनवताना एन्व्ह फाइलमधली काही मूल्यं तयार झालेल्या जावास्क्रिप्टमध्ये जाऊन बसतात आणि ब्राउझरमध्ये कुणालाही वाचता येतात. गिटवर न गेलेली चावी अशी थेट ग्राहकाच्या स्क्रीनवर जाते. मोबाइल ॲपचंही तेच, ॲपची एपीके फाइल उलगडून आतले शब्द वाचायला फार कौशल्य लागत नाही. बंगळुरूत काम करणाऱ्या क्लाउडसेक या कंपनीनं ऑगस्ट २०२२ मध्ये ट्विटरच्या चाव्या उघड्या ठेवणारी ३,२०७ ॲप्स शोधली होती. नियम एकच सांगता येतो: फोनवर किंवा ब्राउझरमध्ये जे जाईल ते गुप्त राहणार नाही, असं धरूनच चालायचं. गेटवेचं सीक्रेट आपल्या सर्व्हरवर ठेवायचं आणि ॲपनं त्या सर्व्हरशी बोलायचं. नकाशांची चावी ब्राउझरमध्ये जाणारच. ती अमुक संकेतस्थळापुरतीच चालावी असं बंधन घालता येतं, ते घालायचं. फायरबेसची चावी तर गुप्त समजलीच जात नाही, तिथे सगळी मदार साठ्याच्या नियमांवर असते. सगळ्याच चाव्यांना एका मापानं घाबरलं की खरी जोखमीची चावी नजरेतून सुटते.

आणि कोडबाहेरची गळती? तिची मोजदाद कोण करणार. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलेली ‘लाइव्ह’ चावी, क्लायंटला मेल केलेली पूर्ण कोडची झिप, लॉगमध्ये छापली गेलेली संपूर्ण विनंती. कोड तपासून सर्व्हरवर चढवणाऱ्या स्वयंचलित सेवा हे आता चोरांचं आवडतं ठिकाण आहे. २०२१ मध्ये कोडकोव्हची एक स्क्रिप्ट बदलली गेली आणि सुमारे दोन महिने ती वापरणाऱ्यांची एन्व्हायर्नमेंटमधली मूल्यं बाहेर पाठवत होती. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआयला आपल्या सगळ्या ग्राहकांना सांगावं लागलं की आमच्याकडे ठेवलेली प्रत्येक गुप्त गोष्ट बदला. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातल्या पॅकेजांत पसरलेला प्रोग्राम डेव्हलपरच्या मशीनवरची टोकनं शोधे, आणि त्याच टोकनांनी पुढची पॅकेजं बिघडवून आपणहून पसरे. शोधायला त्यानं वापरलं ते ट्रफलहॉग, जे आपणच आपल्या चाव्या शोधायला वापरतो.

टोकनाच्या आयुष्याचा मुद्दा इथून पुढे येतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सार्वजनिक केलेल्या एका दुव्यातून ३८ टेराबाइट माहिती उघडी असल्याचं सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं. त्या दुव्यातल्या टोकनाची मुदत २०५१ पर्यंत होती. याउलट झिरोधा या शेअर ब्रोकरच्या काइट कनेक्ट या एपीआयचं टोकन दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता संपतं, मग तुम्ही कितीही जुने ग्राहक असा. व्हॉट्सॲपच्या क्लाउड एपीआयचं चाचणीचं टोकन २४ तासांचं, पण तिथेच कायमचं टोकनही काढता येतं. लॅबच्या रिपोर्टची सोय लिहिणारा साहजिकच ते कायमचं काढतो, कारण पहाटे तीनला रिपोर्ट जायचे थांबले तर फोन त्यालाच येणार असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. कमी मुदतीचं टोकन हवं असेल, तर ते आपोआप ताजं करणारा कोडही चांगला हवा, आणि तो लिहायला शिकवलं जात नाही.

त्या कोडमधल्या खाचाखोचा सांगण्यासारख्या आहेत. टोकनाबरोबर त्याची मुदत सेकंदांत येते. ती अगदी काठावर वापरायची नाही, एखाद-दोन मिनिटं आधीच नवं मागायचं, कारण दोन मशीनची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. टोकन चालत नाही असं सांगणारं ४०१ उत्तर आलं तर एकदा नवं टोकन घेऊन एकदाच पुन्हा प्रयत्न करायचा. अनेकांचा प्रोग्राम इथे गोल फिरत राहतो आणि समोरची सेवा खातंच गोठवते. ४०३ आलं तर टोकन ठीक आहे, परवानगी कमी आहे. तिथे नवं टोकन मागून काही होत नाही. सगळ्यात त्रासाची गोष्ट एकाच वेळी चालणाऱ्या कामांची. दहा कामांना एकदम कळलं की मुदत संपली, तर दहाही जण नवं मागायला धावतात. रिफ्रेश टोकन दर वापरानंतर बदलणाऱ्या सेवेत जुनं टोकन दुसऱ्यांदा आलं की ती चोरी समजून सगळी साखळीच रद्द करते आणि वापरणारा कारण न कळता लॉगआउट होतो. टोकन आणण्याचं काम एकाकडे द्यायचं, बाकीच्यांनी थांबायचं, हा त्यावरचा साधा उपाय.

जेडब्ल्यूटीबद्दल एक गैरसमज मी वारंवार पाहतो. टिंबांनी जोडलेल्या तीन तुकड्यांची ती ओळ अगम्य दिसते म्हणून ती कुलूपबंद आहे, असं वाटतं. ती फक्त सहीबंद असते, आतला मजकूर कुणीही वाचू शकतं. त्यात पेशंटचा मोबाइल नंबर घालणं चूकच. शिवाय नुसती सही तपासून चालणारं असं टोकन मधेच रद्द करता येत नाही. ते करायचं तर वेगळी यादी सांभाळावी लागते. म्हणून त्याची मुदत मिनिटांत मोजावी, दिवसांत नाही.

मुदत कमी केली की माणसं पळवाट शोधतात, हेही या आढाव्यात आलं पाहिजे. कल्याण-डोंबिवलीत नोकरी सांभाळून पायथनमध्ये स्वतःचे शेअरचे सौदे चालवणारे लोक आता दुर्मीळ नाहीत. रोज सकाळी लॉगिन करण्याचा कंटाळा येतो, कारण बाजार उघडतो ती वेळ लोकलमधली असते. मग स्क्रिप्टमध्येच पासवर्ड लिहिला जातो, त्याच्या शेजारी दर ३० सेकंदांनी बदलणाऱ्या कोडचं मूळ बीजही. दोन पायऱ्यांची तपासणी एका फाइलमध्ये येऊन बसली की एका दिवसाच्या टोकनाला अर्थ उरत नाही. ई-इनव्हॉइसच्या फाइलमध्ये जे घडतं तेच इथे घडतं. सेबीनं ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात ब्रोकरांना खुल्या एपीआय बंद करून प्रत्येक ग्राहकाची वेगळी चावी, ब्रोकरकडे नोंदवलेला स्थिर आयपी पत्ता आणि फक्त ओऑथवर आधारलेलं लॉगिन ठेवायला सांगितलं. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो, त्यामुळे कित्येकांना क्लाउडवर छोटा सर्व्हर घ्यावा लागतो. खर्च आणि झंझट वाढली, तरी दिशा मला पटते. चोरलेली चावी दुसऱ्या पत्त्यावरून चालत नाही, हे संरक्षण छोट्या माणसाला फुकट मिळणाऱ्यांपैकी नाही.

साधनांबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यांची कमतरता नाही. गिटलीक्स आणि ट्रफलहॉग कमिटच्या आधी चाव्या पकडतात. गिटहबनं फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक रेपोंवर चावी असलेला पुश अडवणं आपणहून चालू केलं. मोठ्या कंपन्यांकडे चाव्यांच्या तिजोऱ्या आहेत. चार जणांच्या ऑफिसनं लगेच तशी तिजोरी उभारावी असं मी म्हणणार नाही. सर्व्हरवरची एन्व्ह फाइल फक्त त्या एका प्रोग्रामला वाचता येईल अशी ठेवली आणि तिची प्रत कुणाच्या लॅपटॉपवर नसली, तरी बरंच साधतं. जिथे शक्य आहे तिथे चावीच न ठेवणं सर्वांत उत्तम. गिटहबवरून क्लाउडवर कोड चढवताना आता काही मिनिटांची ओळख मागून घेता येते, कायमची चावी साठवावी लागत नाही.

आता तिसरी गोष्ट, ताब्याची. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या चॅट सेवेची ओऑथ टोकनं चोरीला गेली आणि तिला सेल्सफोर्सशी जोडलेल्या ७०० हून अधिक संस्थांच्या माहितीला धोका झाला. त्यात सुरक्षा विकणाऱ्या नामांकित कंपन्याही होत्या. कुणीतरी केव्हातरी जोडणी केली आणि टोकन चालू राहिलं, इतकंच. आपल्याकडे हे रोजचं आहे. क्लासचं ॲप लिहिणारा मुलगा क्लाउडचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडतो, गेटवेची चावी त्याच्या लॅपटॉपवर, व्हॉट्सॲपचं कायमचं टोकन त्याच्या नावानं. दोन वर्षांनी तो पुण्याला किंवा परदेशी जातो. क्लासच्या सरांना कोणती टोकनं चालू आहेत हे माहीत नसतं. बंद करायची तर कुठे जायचं हेही माहीत नसतं. त्या मुलाच्या मनात काही वाईट नसतं. पण त्याचा जुना लॅपटॉप विकला गेला, तर त्यासोबत काय गेलं हे कुणी सांगू शकत नाही.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं या ढिलाईची जबाबदारी कुणाची ते स्पष्ट लिहिलं आहे. विद्यार्थ्यांची माहिती ज्या क्लासनं गोळा केली, जबाबदार तो क्लास. काम बाहेरच्या माणसाला दिलं होतं, करारात काही वेगळं लिहिलं होतं, यानं ती टळत नाही. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था असलेल्या सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार माहिती फुटल्याचा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस जपायचे. टोकन फुटल्याचं कळलं तर क्रमही ठरलेला असावा: आधी ते रद्द, मग नवं काढून सर्व्हरवर, मग लॉगमध्ये शोध, आणि गिटचा इतिहास साफ करणं सर्वांत शेवटी. इतिहास साफ करण्यात दोन तास घालवून टोकन चालूच ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

म्हणून सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या दुकानदारानं, डॉक्टरांनी, क्लासच्या सरांनी पैसे देण्याआधी मागावं असं एक पानच पुरेल. क्लाउड, गेटवे, व्हॉट्सॲप ही सगळी खाती संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या मोबाइलवर उघडलेली. डेव्हलपरला त्यात पाहुणा म्हणून प्रवेश. प्रत्येक टोकन कशासाठी, कधी काढलं, कधी संपणार आणि कुठे बंद करायचं याची यादी. काम संपलं की त्याच आठवड्यात सगळी टोकनं बदलून घेण्याची अट. हे लिहून द्यायला चांगला डेव्हलपर कधी नाही म्हणत नाही, कारण उद्या काही झालं तर संशय त्याच्यावर येऊ नये हे त्यालाही हवं असतं. यादी तयार नसेल तर ती बनवायला एक दुपार लागते, आणि ती बनवताना हमखास एखादं असं टोकन सापडतं जे कशासाठी काढलं होतं ते कुणालाच आठवत नाही. ते त्याच दुपारी बंद करावं. त्यानं एखादी गोष्ट अडलीच, तर ती कशाला जोडलेली होती हे निदान कळेल.